मीजान, गुण आणि ‘मला येत नाही’



शाळेची परीक्षा संपली की काही दिवसांनी आपल्या घरात एक कागद येतो. त्यावर मुलाचे नाव, हजेरी क्रमांक आणि विषयांपुढे मांडलेले आकडे असतात. आपण सही करण्यापूर्वी बेरीज पाहतो, टक्केवारी काढतो, शेजारच्या मुलाला किती मिळाले याची चौकशी करतो आणि मग एक निर्णय देतो: पोरगा हुशार आहे, किंवा पोराचे काही खरे नाही. ज्या निर्णयाने मुलाचे एक वर्ष, कधी कधी पुढचे सारे आयुष्य वळण घेते, तो आपण एका कागदाच्या भरवशावर देतो. हा कागद कोणत्या तराजूवर तोलला गेला, तोलणाऱ्याचा हात स्थिर होता की नाही आणि त्या तराजूत मुळात तोलता काय येते, हे प्रश्न आपण विचारत नाही. आज ते विचारावेत, ही विनंती आहे.

तोलणाऱ्या हातांपैकी एक हात माझा आहे. मी शाळेत शिकवतो. म्हणून प्रारंभ माझ्याच एका अपराधाच्या कबुलीने करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत बाहेरून आलेली एक चाचणी होती. सगळ्या शाळांना एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि बरोबर पर्यायाचा गोल रंगवायचा. शाळांच्या निकालाची यादी लागणार होती आणि आमची शाळा मागच्या यादीत तळाशी होती. बैठकीत मला सांगण्यात आले होते की या वेळी वर्गाची सरासरी वर आली पाहिजे. कशी, ते कोणी सांगितले नव्हते. सांगण्याची गरजही नव्हती. परीक्षेच्या वेळी मी रांगांमधून फिरत एका मुलाच्या बाकाजवळ थांबलो. अपूर्णांकांच्या वजाबाकीवर तो अडला होता. मी काही बोललो नाही. फक्त माझे बोट त्याच्या कागदावरील तिसऱ्या पर्यायावर क्षणभर टेकवले. मुलाने बोटाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, “सर, हे मला येत नाही.” त्याने तो गोल तसाच रिकामा ठेवला आणि तो पुढच्या प्रश्नाकडे वळला.

त्या दिवशी त्या वर्गात परीक्षा कोणाची झाली, हे मी अनेकदा स्वतःला विचारले आहे. वाचकहो, हा लेख त्या रिकाम्या गोलाविषयी आहे.

परीक्षा वाईट नाही

परीक्षेविषयी तक्रार करणारा शिक्षक दिसला की लोकांना वाटते, याला मेहनत नको आहे. म्हणून प्रथम हे स्पष्ट करतो की, इस्लाम परीक्षेचा विरोधक नाही. दिव्य कुरआनाच्या दुसऱ्याच सूरहमध्ये, सूरह अल-बकरामध्ये, ज्ञानाच्या एका परीक्षेचा प्रसंग आला आहे. अल्लाहने हजरत आदम (अलै.) यांना वस्तूंची नावे शिकवली आणि मग त्या वस्तू फरिश्त्यांसमोर मांडून त्यांची नावे विचारली. फरिश्त्यांनी अंदाज केला नाही की थाप मारली नाही. तू जेवढे शिकवलेस त्यापलीकडे आम्हाला ज्ञान नाही, अशा आशयाचे नम्र उत्तर त्यांनी दिले. या उत्तराबद्दल त्यांना दरडावले गेले नाही. उलट आदम (अलै.) यांना आज्ञा झाली की, यांना ती नावे सांगा. त्या परीक्षेचा शेवट निकालाच्या यादीने झाला नाही. न येणाऱ्यांना शिकवण्याने झाला.

सहीह बुखारीतील एक प्रसिद्ध हदीस पाहा. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सहाबांना एक कोडे घातले: असा कोणता वृक्ष आहे ज्याची पाने झडत नाहीत आणि जो मुसलमानासारखा आहे? कोणी रानातील एक झाड मनात आणले, कोणी दुसरे. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) तेव्हा वयाने लहान होते. हा खजुराचा वृक्ष आहे, हे त्यांच्या मनात आले होते. पण थोर माणसे गप्प असताना बोलण्याचा त्यांना संकोच वाटला. पुढे पैगंबरांनी (स.) स्वतःच उत्तर सांगितले. इमाम बुखारी (रह.) यांनी ही हदीस ज्या प्रकरणांत घेतली आहे, त्यांतील एकाचा विषयच हा आहे की, प्रमुखाने आपल्या सोबत्यांचे ज्ञान अजमावण्यासाठी प्रश्न विचारावा. म्हणजे ज्ञान अजमावणे ही सुन्नत आहे. पण याच हदीसमध्ये आणखी एक बोध आहे, जो आपण सहसा पाहत नाही. ज्याला उत्तर येत होते, तो गप्प राहिला. कोणतीही परीक्षा, मग ती किती चांगली असो, मुलाच्या आत असलेले सारे बाहेर आणू शकत नाही. मौन म्हणजे अज्ञान नव्हे, हे ओळखण्यासाठी मुलाला जवळून ओळखणारा माणूस लागतो. हजरत उमर (रजि.) यांना नंतर मुलाकडून ही गोष्ट कळली, तेव्हा त्यांनी प्रेमाने सांगितले की, तू बोलला असतास तर मला फार आनंद झाला असता.

स्वतः इमाम बुखारींच्या (रह.) चरित्रातही एक परीक्षा आहे. बगदादच्या विद्वानांनी शंभर हदीसी घेतल्या, त्यांच्या कथनकर्त्यांच्या साखळ्या एकमेकींत मिसळल्या आणि दहा माणसांकरवी प्रत्येकी दहा याप्रमाणे त्यांच्यापुढे मांडल्या. प्रत्येक हदीस ऐकून ते म्हणत राहिले की, ही मला माहीत नाही. अजाण श्रोत्यांना वाटले, हा माणूस हरला. सगळे संपल्यावर त्यांनी पहिल्यापासून एकेक हदीस घेऊन तिची खरी साखळी तिला जोडून दाखवली. इमाम मालिक (रह.) यांच्याविषयी तर सर्वश्रुत आहे की, दूरदूरचा प्रवास करून आलेल्या लोकांच्या अनेक प्रश्नांना ते ‘मला माहीत नाही’ असेच उत्तर देत आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

या साऱ्यांतून एक सूत्र हाती येते. आपल्या परंपरेत परीक्षा ही अशी जागा होती जिथे माणूस निर्भयपणे ‘येते’ किंवा ‘येत नाही’ असे म्हणू शकत होता. ‘येत नाही’ ही कबुली ज्ञानाच्या दाराची पहिली पायरी मानली जाई.

आता आपल्या वर्गाकडे या. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसतील तर आम्ही शिक्षक मुलांना पहिली सूचना कोणती देतो? एकही गोल रिकामा सोडू नका. येत नसेल तरी काहीतरी रंगवा, लागले तर लागले. ही सूचना मी शेकडो मुलांना दिली आहे. तिचा खरा अर्थ असा होतो की, बाळा, तुला जे येत नाही ते लपव. नशिबाने गुण मिळाला तर तो तुझा समज. दहा वर्षांच्या मुलाला आपण ज्ञानाऐवजी ज्ञानाचा देखावा शिकवतो आणि त्यालाच परीक्षेचे तंत्र म्हणतो.

तराजूला जेव्हा लोभ बांधला जातो

सूरह अर-रहमानमध्ये आकाश उंच केल्याच्या उल्लेखासोबतच मीजानचा, म्हणजे तराजूचा, उल्लेख येतो आणि तोलण्यात अतिरेक करू नये, वजनात घट करू नये, अशी ताकीद मिळते. सूरह अल-मुतफ्फिफीनचा प्रारंभच मापात मारणाऱ्यांच्या धिक्काराने होतो: स्वतः घेताना पुरेपूर घेतात आणि दुसऱ्याला देताना कमी देतात. हजरत शुऐब (अलै.) यांच्या मदयनवासी लोकांच्या अपराधांत माप-वजनातील लबाडीचा उल्लेख कुरआनाने पुन्हा पुन्हा केला आहे. आपण ही वचने वाचतो आणि आपल्या डोळ्यांपुढे धान्याचा व्यापारी येतो. पण शाळेतही माप आहे. शिक्षक वेतन पुरेपूर घेतो. मुलाला शिकवणे कमी देतो. आणि कागदावर मात्र माप भरल्याची नोंद करतो. हा ततफीफच आहे.

सहीह मुस्लिममधील हदीस आपण ऐकली असेल. पैगंबर (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तर आत ओल लागली. वर कोरडे, आत भिजलेले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर पैगंबरांनी (स.) विचारले की, मग ओला भाग वर का ठेवला नाहीस, म्हणजे लोकांना दिसला असता? आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. शाळेच्या निकालाची रासही अशी असू शकते. वरून नव्वद टक्के कोरडे. हात घातला तर आत परिच्छेद वाचू न शकणारी मुले.

हे केवळ आमच्या गावाचे दुखणे नाही. इंग्लंडमध्ये 1862 साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने शाळांचे अनुदान निकालाशी बांधण्यात आले. निरीक्षक शाळेत येई, एकेका मुलाचे वाचन, लेखन आणि गणित तपासे; जे मूल अनुत्तीर्ण, त्याचे पैसे कापले जात. परिणाम असा झाला की, शिक्षक तेवढेच शिकवू लागले जेवढे तपासले जाई आणि मुले पुस्तक समजून घेण्याऐवजी पाठ करू लागली. त्या काळचे कवी आणि शाळा-निरीक्षक मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीला विरोध केला. तरीही ती मोडीत निघायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. निकालावर अनुदान देण्याची ही रीत आपल्या मुंबई इलाख्यातही आली होती. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी तिच्यावर आक्षेप घेतला. गरीब आणि अशिक्षित लोकांत, जिथे शिक्षणाची गोडीच अद्याप निर्माण झालेली नाही, तिथे शिक्षणप्रसारासाठी ही पद्धत योग्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याच्या घरात पुस्तक नाही त्या मुलाला शिकवण्याचे कष्ट अधिक आणि निकाल कमी. मग निकालावर पोट भरणारा शिक्षक त्याच्या वस्तीत शाळा कशाला काढील? हा प्रश्न आजही जुना झालेला नाही.

अमेरिकेत 2002 साली ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ नावाचा कायदा झाला. एकही मूल मागे राहू नये, हा हेतू चांगलाच होता. तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी आणि 2014 पर्यंत शंभर टक्के मुले निर्धारित पातळीला पोहोचलीच पाहिजेत, असे लक्ष्य ठरले. शाळांचे भवितव्य आकड्यांवर टांगले गेले. 2011 साली अटलांटा शहराच्या शाळांविषयी राज्य सरकारने केलेल्या चौकशीचा अहवाल आला. 44 शाळांत गैरप्रकार आढळले आणि 178 शिक्षक व मुख्याध्यापकांची नावे त्यात आली. चुकीची उत्तरे खोडून बरोबर उत्तरे भरली गेली होती. 2015 साली त्यांपैकी अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. ही माणसे जन्मतः लबाड नव्हती. त्यांतील अनेकांनी वर्षानुवर्षे गरीब वस्तीत शिकवले होते. तराजूला भय आणि लोभ बांधला की तोलणाऱ्याचा हात थरथरतो, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकन विचारवंत डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1970च्या दशकातच हा नियम मांडला होता: एखादा आकडा जितका अधिक निर्णयांचा आधार बनतो, तितका तो भ्रष्ट होतो आणि ज्याचे मोजमाप करायचे त्यालाही भ्रष्ट करतो.

आपल्या राज्यात

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला भय, दडपण आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे आणि त्याचे मूल्यमापन सर्वंकष व सातत्यपूर्ण असावे, असे म्हटले आहे. महाराष्ट्राने 2010 साली त्यानुसार पद्धत आखली. आकारिक मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, कृती, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधने आणि वर्षातून दोनदा संकलित मूल्यमापन. कल्पना उत्तम होती; शिक्षकाने मुलाला रोज पाहावे आणि पाहिलेले लिहावे. पण एका वर्गात पन्नास-साठ मुले, प्रत्येकाच्या वर्णनात्मक नोंदी आणि हाताशी वेळ नाही. मग नोंदींची तयार वाक्ये बाजारात आली आणि आम्ही ती उतरवून काढली. ज्या मुलाने कधी चित्र काढले नाही, त्याच्या नावापुढे चित्रकलेत रुची असल्याची नोंद झाली. लोकांनी म्हटले, परीक्षा गेली म्हणून मुले शिकत नाहीत. 2015 पासून ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या, पुढे नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या. 2023 साली नियम बदलून पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होण्याची अट परत आली. या सगळ्याच्या जोडीला शिष्यवृत्तीच्या आणि इतर स्पर्धा परीक्षा आहेतच.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. कोणी म्हणेल, गुरुजी, चाचण्या नसत्या तर आमच्या वस्तीतल्या मुलाला आठवीत गेल्यावरही वाचता येत नाही, हे कोणाला कळले असते? गरिबांची उपेक्षा आकड्यांनीच उजेडात आणली. हे म्हणणे खरे आहे आणि मी ते मान्य करतो. बाहेरच्या डोळ्याने शाळा तपासली गेली पाहिजे. सीरतच्या ग्रंथांत उल्लेख आहे की, बद्रच्या युद्धातील ज्या कैद्यांना लिहिता येत होते, त्यांची खंडणी म्हणून मदीनेच्या मुलांना लिहायला शिकवणे ठरवले गेले. मुले शिकली की कैदी मुक्त. तेथेही काम मोजलेच गेले. पण तेथे मोजायचे होते ते मुलाच्या हातातले अक्षर. ते समोर दिसत होते आणि मुलाला कोणी क्रमांक दिला नाही. म्हणून प्रश्न मोजावे की नाही हा नाहीच. मोजून काय करायचे, हा प्रश्न आहे. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणासारखी पाहणी काही शाळांतील काही मुले निवडून होते, तिच्यावर त्या मुलाचे काही अवलंबून नसते. तिच्यातून राज्याला स्वतःची चूक कळू शकते. तोच आकडा जेव्हा मुलाच्या कपाळावर, शिक्षकाच्या मानेवर आणि शाळेच्या दारावर टांगला जातो, तेव्हा खरे बोलणे सर्वांनाच महाग पडते. मग अज्ञान उजेडात येत नाही. ते अधिक खोल दडते.

ज्याच्याकडे पाठ फिरवली जाते

आकड्यांच्या हिशेबात काही मुले आपोआप नकोशी होतात. ज्याला येते त्याला शिकवण्याची गरज नाही. ज्याला मुळीच येत नाही त्याच्यावर वेळ घालवून सरासरी हलत नाही. उरतात काठावरची मुले. त्यांच्यावर जोर द्या, असा व्यवहारी सल्ला शिक्षकांना मिळतो. मलाही मिळाला आणि मी तो पाळलाही. शेवटच्या बाकावरची दोन मुले त्या वर्षी माझ्यापुढे वही घेऊन आली की मी म्हणायचो, थांब, नंतर. ते ‘नंतर’ वर्षभर आले नाही.

वाचकहो, सूरह अबस आठवा. कुरैशचे प्रतिष्ठित सरदार पैगंबरांसमोर (स.) बसले होते. त्यांना सत्य पटले तर असंख्य लोकांना पटेल, असा उदात्त हेतू त्या संभाषणामागे होता. तेवढ्यात हजरत अब्दुल्लाह बिन उम्मे मकतूम (रजि.) हे अंध सहाबी शिकण्याच्या ओढीने तेथे आले. संभाषणात व्यत्यय आल्याने पैगंबरांच्या (स.) मुद्रेवर नाराजी उमटली आणि त्यांनी मुख वळवले. एका अंध माणसाला तर ती दिसलीही नसेल. तरी अल्लाहने आयती अवतरल्या, ज्या आपण आजही नमाजमध्ये पठण करतो: तुम्हाला काय ठाऊक, कदाचित हाच शुद्ध झाला असता, याच्याच उपयोगी उपदेश पडला असता, अशा आशयाच्या. पैगंबरांनी (स.) पुढे आयुष्यभर त्यांचा सन्मान केला, मदीनेत फजरची अजान देण्याचा मान त्यांना लाभला.

जिथे हेतू इतका पवित्र होता, तिथेही अल्लाहने शिकू पाहणाऱ्या एका दुर्बळाकडे झालेले दुर्लक्ष नोंदवल्याविना सोडले नाही. आम्ही तर केवळ सरासरीसाठी पाठ फिरवतो. आम्ही काय उत्तर देणार? वरून आदेश होता, हे उत्तर या जगात चालेल. परंतु प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याला त्याच्या रक्षणाखाली असलेल्यांविषयी विचारले जाईल, अशी शिकवण पैगंबरांनी (स.) दिली आहे. कळपातली धष्टपुष्ट मेंढरे मोजून दाखवणाऱ्या राखणदाराला मागे राहिलेल्या कोकराविषयी विचारले जाणार नाही, असे आपण समजू नये.

आपल्याच घरातील एक पद्धत

पर्याय काय, असे आपण विचाराल. तो फार दूर नाही. आपल्या वस्तीतील मकतबमध्ये जा. हिफ्ज करणारे मूल रोज उस्तादांसमोर एकटे बसते. आजचा सबक ऐकवते, मागील काही दिवसांचे ऐकवते, मग जुनी मंजिल ऐकवते. अडले की उस्ताद तिथेच थांबवतात, चूक सांगतात आणि सबक पक्का झाल्याशिवाय पुढचा देत नाहीत. कोणी एक पारा सहा महिन्यांत करतो, कोणी दोन महिन्यांत. रोज परीक्षा आहे, तीही कठोर. पण अडणे हा गुन्हा नाही, ती पुढच्या कामाची खूण आहे. जुन्या काळी मदरशांतून इजाजत मिळे, तीही याच प्रकारची. अमुक ग्रंथ या विद्यार्थ्याने माझ्यासमोर वाचला आणि तो दुसऱ्याला शिकवण्यास पात्र आहे, अशी साक्ष गुरू स्वतःच्या नावाने देत असे. ती साक्ष खोटी ठरली तर गुरूचे नाव जात असे.

मात्र आपणही निर्दोष नाही. कित्येक मकतबांत छडीचे भय आहे आणि कित्येक घरांत मुलाने कुरआन लवकर खतम करावा, मिठाई वाटता यावी, याचीच घाई आहे. तजवीद कच्ची राहिली तरी चालते. इब्ने खल्दून यांनी चौदाव्या शतकात लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात दोन इशारे दिले आहेत. एक असा की, विद्यार्थ्यांशी कठोरपणे वागल्याने त्यांचा उत्साह मरतो आणि शिक्षेच्या भीतीने ते खोटे बोलणे व कपट शिकतात. दुसरा असा की, शास्त्रांची अतिसंक्षिप्त पुस्तके पाठ करवून घेणे शिक्षणाला घातक आहे. कारण विद्यार्थी शब्द धरतो आणि विषय निसटतो. साडेसहाशे वर्षांपूर्वीचा हा माणूस आपली परीक्षा आणि आपली गाईडे पाहून गेला असावा, असे वाटते.

आपण काय करू शकतो

व्यवस्था बदलणे एका शिक्षकाच्या किंवा एका घराच्या हाती नाही. पण तराजूवरचा आपला हात आपल्या हाती आहे.

शिक्षक बंधूभगिनींनो, खोटा गुण देऊ नका. तो दयेपोटी दिला तरी ती दया नव्हे. नापास मुलाला पास म्हणणे म्हणजे आजाऱ्याला निरोगी म्हणून घरी पाठवणे. गुण कमी असतील तर कमी लिहा आणि त्याच्यापुढे एक ओळ लिहा की, याला काय येते आणि पुढे काय शिकवायचे आहे. आणि रोज किमान एका मुलाला, ज्याच्यामुळे सरासरी हलणार नाही अशा एका मुलाला, दहा मिनिटे द्या. ती दहा मिनिटे कोणत्याही तक्त्यात भरली जाणार नाहीत. पण सूरह जिलजाल सांगते की, कणभर भलाईही पाहिली जाईल.

पालकहो, आपल्याकडून शिक्षकावर येणारा दबाव अधिकाऱ्यांच्या दबावापेक्षा कमी नसतो. गुण वाढवून द्या म्हणून शाळेत येणारे पालक मी पाहिले आहेत. माझ्या मुलाला नेमके काय येत नाही, हे विचारायला येणारे फार थोडे. प्रगतीपुस्तक हाती आले की आधी मुलाला विचारा, यावर्षी तुला काय समजले? मग विचारा, काय समजले नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याने न घाबरता दिले, तर समजा की आपल्या घरात ज्ञानाला जागा आहे. भावंडांची गुणांवरून तुलना करू नका; सूरह अल-हुजुरातने श्रेष्ठतेचे जे परिमाण सांगितले आहे ते तकवा आहे, टक्केवारी नव्हे. आणि शिक्षण हक्क कायद्याने दिलेली एक सोय वापरा. अनुदानित व सरकारी प्राथमिक शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या बैठकीत जाऊन निकाल किती लागला एवढेच विचारू नका. शेवटच्या बाकावरची मुले कोठपर्यंत आली, हेही विचारा. असा प्रश्न विचारणारे पालक असतील तर शिक्षकालाही खरे बोलण्याचे बळ येते.

सूरह मुल्कमध्ये जीवन आणि मृत्यूच्या निर्मितीचे कारण सांगताना, तुमच्यापैकी कर्माने उत्तम कोण हे पाहण्यासाठी, असा आशय आला आहे. तफसीरकार लक्ष वेधतात की, तिथे ‘अधिक’ असा शब्द नाही, ‘उत्तम’ असा आहे. त्या परीक्षेचा परीक्षक आपल्याला आपल्यापेक्षा अधिक जाणतो, कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही आणि प्रामाणिक कबुलीला तौबा म्हणून स्वीकारतो. तिथे गोल चुकून रंगवला म्हणून गुण मिळणार नाही आणि प्रामाणिकपणे रिकामा ठेवलेला गोल वायाही जाणार नाही.

त्या मुलाची उत्तरपत्रिका मी त्या दिवशी इतरांच्या सोबत गठ्ठ्यात बांधून पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी मी त्याला मधल्या सुटीत बोलावले आणि एका भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक पुन्हा पहिल्यापासून शिकवू लागलो. त्याला ते समजायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांची नोंद कोणत्याही यादीत नाही. परंतु माझ्या नावापुढे ज्या पुस्तकात लहान-मोठे काहीच सुटत नाही, त्यात माझे ते बोटही असेल आणि ते आठ दिवसही असतील, अशी भीती आणि अशीच आशा मला आहे.

अल्लाह आपल्या सर्वांना न्यायाने तोलण्याची, जे माहीत नाही ते मान्य करण्याची आणि मागे राहिलेल्या मुलाकडे पाठ न फिरवण्याची बुद्धी देवो. आमीन.